डबाभर बाबा

माझ्या हातून आजवर एकही वस्तू बिघडलेली नाही. ज्या बिघडल्या त्या माझ्या हातात येण्याआधीच आतून बिघडलेल्या होत्या, मी फक्त त्यांना तसं कबूल करायला लावलं. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा, सगळ्यांचं तेच! त्यामुळे घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून फोटो कॉम्प्युटरवर आणायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा मला काळजीचं काही कारण दिसेना. बायकोला दिसलं. पण तिला माझ्या प्रत्येक कामात ते दिसतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

झालं असं, की आमच्या हॉलच्या भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला आणि त्याखालच्या कपाटातला घरचा एकुलता एक अल्बम भिजला. वाळल्यावर त्याची वीट झाली. पानं सुटी करायला गेलो तर फोटोंची तोंडं समोरच्या पानावर जाऊन बसली. आणि त्यात आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस तोंडावर आलेला! रविवारी सगळे नातेवाईक जेवायला यायचे होते.

आईची मागणी एकच होती.

"मला दागिना नको, कपडा नको. आमचा दोघांचा एक मोठ्ठा फोटो भिंतीवर लाव. तरुणपणचा. मी आणि हे, बास! मध्ये तिसरं कोणी नको."

"आई, तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो.

"तू असं म्हणालास की मला जास्त होते रे बाळ्या," आई म्हणाली. मी पंचेचाळिशी ओलांडली तरी आमच्या घरात मी बाळ्याच आहे.

अल्बम गेला तरी निगेटिव्ह होत्या. बाबा कारखान्यात नकाशे काढायचे, त्यामुळे त्यांचं सगळं काम टापटीप. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येक पट्टी पातळ कागदात गुंडाळून ठेवलेली. बाबांना फोटोचा भयंकर नाद होता. कॅमेरा त्यांचा जीव की प्राण! घरात कोणाचीही त्याला हात लावायची टाप नव्हती. लहानपणी मी एकदा लांबून नुसतं बोट दाखवलं, तर बाबा ओरडले, "बोट खाली घे, काचेवर वाफ धरेल!"

आता पुढचं सांगण्याआधी घरातली एक भानगड सांगायला हवी. बाबा आणि काका जुळे आहेत. आणि जुळे म्हणजे अगदी एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. तेच नाक, तेच कान, शिंकतातसुद्धा सारखेच. देवाने फक्त एक खूण ठेवली. बाबांच्या डाव्या गालावर ठसठशीत तीळ आहे, आणि काकांच्या उजव्या. मी डावं-उजवं शाळेत शिकलोच नाही, घरातच शिकलो. काका थोडे धाकटे, समोरच्याच इमारतीत राहतात. आमच्या गॅलरीतून त्यांच्या गॅलरीत हाक मारता येते, आणि दोन्ही घरं दिवसभर मारत असतात. त्यांचं लग्न फार उशिरा झालं. काकू घरात आल्या तोवर बाबांचा कॅमेरा बिघडून कपाटात गेला होता, पण त्याआधीच्या आमच्या प्रत्येक सहलीला काका बरोबर असायचेच.

तर स्कॅनर आला. बाजारातला सगळ्यात स्वस्त. झाकण उघडलं की बिजागरी हातात यायची, म्हणून मी ते कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पकडून ठेवलं. सोबत एक माहितीपत्रक होतं. माझं टेबल डगमगत होतं, त्याच्या पायाखाली ते बरोबर बसलं.

"अरे, वाच तरी आधी!" बायको म्हणाली.

"ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतं ते."

"म्हणूनच म्हणतेय!"

पहिली पट्टी काचेवर ठेवली. मशीन कण्हलं, खरडलं, आणि पडद्यावर एक बाई उमटली. केस पांढरेफटक, दात काळे, डोळ्यांत नुसता उजेड!

"अगंबाई!" आई खुर्चीतून उठलीच. "ही तुझी आत्या का रे?"

"निगेटिव्ह आहे ती, आई. तूच आहेस." मग मी रंग उलटवले, आणि खरंच, विशीतली आई पुलाच्या कठड्याला टेकून उभी! केस वाऱ्यावर, ओठांवर हसू. आणि शेजारी खेटून, छाती काढून उभे... कोण?

आईने चष्मा पुसला. बाबांनी चष्मा पुसला. तिघेही पडद्यावर वाकलो.

"तीळ कुठाय?" आई म्हणाली.

एकाही गालावर तीळ नव्हता! पुढचा फोटो काढला, त्यातही नाही. गुळगुळीत गालांचा एक अनोळखी तरुण आमच्या आईबरोबर गावभर फिरत होता. आईचा चेहरा पडायला लागला. मग बायको पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे 'धूळ आणि डाग काढा' असं लिहिलंय, त्यावर खूण आहे. तुझ्या मशीनने बाबांचा तीळ धूळ समजून पुसला!"

मी खूण काढली, पट्टी पुन्हा स्कॅन केली, आणि पुलावरच्या तरुणाच्या डाव्या गालावर टपकन तीळ उमटला. आई टाळ्या पिटायला लागली. "हे! हेच! बघा, कसे ऐटीत उभे आहेत!"

बाबाही खूश झाले. "उजेड बघ कसा घेतलाय," ते म्हणाले. "मागचं पाणी बघ!" स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा त्यांना मागच्या पाण्याचंच कौतुक जास्त.

मग काय, मला जोर चढला. तीन दिवस मी डबा उपसत होतो. बागेत आई आणि बाबा. टेकडीवर आई आणि बाबा. होडीत आई आणि बाबा. बाबांच्या खांद्यावर लंगोटातला मी, बाबांच्या डोक्याचे केस उपटताना. प्रत्येक फोटोत डाव्या गालावर तीळ, एकदम स्वच्छ! पुलावरचा फोटो मी फ्रेमवाल्याकडे नेला आणि दरवाजाएवढा मोठा करून आणला. तो हॉलमध्ये लागला आणि आमच्या आईचं वयच उतरलं. जाता-येता ती त्याच्यासमोर उभी राहायची, पदराने काच पुसायची. "तुम्ही तेव्हा किती लक्ष देऊन उभे राहायचात हो माझ्या शेजारी," असंही एकदा बाबांना म्हणाली. बाबा पेपरमागून "हं" म्हणाले.

इथे मी थांबायला हवं होतं. शहाण्या माणसाने स्कॅनर खोक्यात घालून माळ्यावर टाकला असता!

पण काका फोटो बघायला आले. त्यांनी सगळे फोटो एकदा बघितले. मग परत बघितले. मग खाली वाकून माझ्या टेबलाखालीही बघितलं.

"यात मी कुठाय?" काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी! पुलावर मी होतो. टेकडीवर होतो. होडी कोणी वल्हवली? मी! डबाभर फोटो आहेत आणि मी एकातही नाही?"

बाबा म्हणाले, "फोटो काढायला तू असशील, धाकट्या."

"मी? दादा, तू मला कधी त्या कॅमेऱ्याचा पट्टा तरी धरू दिलास का रे?"

"मग इकडेतिकडे गेला असशील. तुला सवयच आहे."

"प्रत्येक वेळी?" काकांचा आवाज चिरकला. "सबंध तरुणपण मी इकडेतिकडे गेलो होतो? सरळ सांग ना, मला वगळलंत म्हणून! राहू दे. रविवारी माझं पान मांडू नका!" आणि काका गेले. थोड्याच वेळात समोरच्या गॅलरीचं दार धाडकन बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदा!

झाली का पंचाईत! पन्नासाव्या वाढदिवसाला सख्खा जुळा भाऊच नाही म्हटल्यावर नातेवाईक जेवणार काय आणि बोलणार काय! बाबा वरवर म्हणाले, "येईल झक मारत," पण दिवसभर गॅलरीत चकरा मारत राहिले. मी ठरवलं, काकांचा निदान एक तरी फोटो शोधायचा. कुठेतरी कोपऱ्यात, पाठमोरे, कसेही चालतील.

मी आणि बायको पुन्हा एकेक फोटो मोठा करून बघायला लागलो. काका काही सापडेनात. पण एका फोटोत आई एका दुकानासमोर उभी होती, आणि वरच्या पाटीकडे बघून बायको म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

मी वाचायचा प्रयत्न केला. "जुनी लिपी दिसतेय," मी म्हणालो.

"जुनी लिपी? आईंच्या तरुणपणी?"

"त्या काळी वेगळं लिहायचे."

बायको उठली, आतून हातात धरायचा आरसा घेऊन आली आणि तो पडद्यासमोर धरला. आरशात स्वच्छ अक्षरांत 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं.

"उचल टेबल," ती म्हणाली.

टेबल उचललं. पायाखालचं माहितीपत्रक काढलं. त्यात पहिल्याच ओळीत छापलं होतं, की पट्टीची चकचकीत बाजू वर ठेवावी, नाहीतर चित्र उलटं येईल. मी सगळ्या पट्ट्या मोठ्या काळजीने, एकही न चुकता, दुसऱ्या बाजूने ठेवल्या होत्या. सगळ्या फोटोंचं डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे गेलं होतं!

"राहू दे आता," बायको म्हणाली. "कोणाला कळतंय? आई खूश आहेत."

पण मी चूक राहू देणाऱ्यातला नाही! मी सगळे फोटो एकदम निवडले आणि एका फटक्यात सुलटे केले. बघत बसलो नाही, बघायचं काय त्यात? पुलावरचा फोटो परत फ्रेमवाल्याकडे पाठवला, शनिवारी दुपारी नवा फोटो चादरीत गुंडाळूनच आणला आणि तसाच भिंतीवर चढवला. आईला जरा गंमत दाखवावी, एवढाच हेतू. काकांना मी गॅलरीतून हाक मारून खोटंच सांगितलं, की तुमचा फोटो सापडलाय. काका चपलासुद्धा न घालता आले. मागोमाग काकू.

"आधीच्या फोटोत एक छोटीशी चूक होती," मी घसा साफ करून म्हणालो. "ती मी स्वतः शोधून दुरुस्त केली आहे. बघा!"

मी चादर ओढली.

आई चष्मा सारखा करून फोटोच्या अगदी जवळ गेली. मग तिने मागे वळून काकांकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे. आणि मग अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"भाऊजी!!"

दरवाजाएवढ्या फोटोत आमच्या आईला खेटून, छाती काढून, उजव्या गालावर नारळाएवढा तीळ मिरवत काका उभे होते!

"अरे वा! मी छान दिसतोय की!" काका हरखून म्हणाले.

"माझा नवरा तुमच्या भिंतीवर काय करतोय?" काकूंनी विचारलं.

"बाळ्या!" आईने माझा कान पकडला. खरोखर पकडला! "काल इथे हे होते. आज भाऊजी कसे आले? कॉम्प्युटरवर तोंडं बदलतोस? आईची चेष्टा करतोस?"

"आई, मी काहीच बदललेलं नाही! उलट होतं ते सुलट केलं. सुलट केल्यावर... ते काका निघाले, त्याला मी काय करू?"

"परत उलट कर!"

"पण ते खोटं आहे!"

"मला खोटंच हवं!"

मी धावत कॉम्प्युटरकडे गेलो. म्हटलं, एखाददुसऱ्या फोटोत असतील काका, सगळ्यांत थोडेच असणार! बाग उघडली. काका. टेकडी उघडली. काका. होडी, काका, हातात वल्हं. मी दाबत गेलो आणि माझ्यामागे काकूंचा श्वास वाढत गेला.

"लग्नाआधी तुमचं हे असं चालायचं?" काकू काकांना म्हणाल्या. "माझ्याबरोबर यांचा एक धड फोटो नाही, आणि जाऊबाईंबरोबर डबाभर!"

"अगं, दादाच मला सांगायचा, उभा राहा म्हणून. मी राहायचो!"

शेवटी लंगोटातला मी आलो. ज्यांच्या खांद्यावर बसून मी केस उपटत होतो त्यांच्याही उजव्याच गालावर तीळ होता. मला एकदम हुंदका आला. शेवटी मीही माणूसच! "म्हणजे मलाही काकांनीच..."

"तू जड होतास," काका मायेने म्हणाले.

आता सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. बाबा पेपर उलटा धरून वाचत होते.

"अहो," आई फार हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलायला लागली की आमच्या घरात पंखासुद्धा आवाज करत नाही. "मी पुलावर आपल्या नवऱ्याबरोबर उभी होते ना?"

"होतीसच की. म्हणजे... मी समोर होतो."

"समोर कुठे?"

"कॅमेऱ्यामागे," बाबा म्हणाले. मग एकदम पेपर टाकून म्हणाले, "अगं, ती ट्रायल असायची! उजेड, अंतर, सगळं जुळवायला कोणीतरी उभं नको का? धाकटा अगदी माझ्या मापाचा. तो उभा राहिला की मी उभा राहिल्यासारखंच. आधी त्याला उभा करून एक फोटो घ्यायचा, आणि मग मी जाऊन उभा राहणार आणि तो बटण दाबणार, असं ठरलेलं असायचं."

"मग?"

"मग याचा हात बघितला की माझा धीर व्हायचा नाही. हलतो गं त्याचा हात! म्हटलं, पुढच्या वेळी बघू."

"पन्नास वर्षं पुढच्या वेळी?" आई म्हणाली.

"आणि अल्बममध्ये ते एवढे-एवढेसे फोटो. त्यात तीळ कुठे दिसायचा? काही वर्षांनी मलाच वाटायला लागलं, की तो मीच आहे!"

"पण वहिनी, तुम्हाला कसं कळलं नाही, शेजारी कोण आहे ते?" काकांनी विचारलं. काकांना गप्प कधी बसावं ते कळत नाही.

"कसं कळणार!" आईचा बांध फुटला. "हे म्हणायचे, चष्मा काढ, काचेवर उजेड चमकतो. चष्मा काढला की मला हातभर पलीकडचा हत्ती दिसत नाही! वर म्हणायचे, शेजारी बघायचं नाही, फक्त कॅमेऱ्याकडे बघायचं, हलायचं नाही. आणि तुम्हा दोघा भावांचे शर्ट एकाच ताग्यातले! मला शेजारी एक शर्ट दिसायचा. मी त्या शर्टाला आपलं म्हणून हसायचे!"

असं म्हणून आई मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. खरं रडायला लागली. मग मात्र कोणाला हसू येईना.

आम्ही डबा पालथा घातला. बाबा कुठेतरी असतील, एखाद्या आरशात, एखाद्या खिडकीच्या काचेत! मी, बायको, काका, काकू, सगळे मिळून शोधत होतो. शेवटी बायकोला एक फोटो सापडला. आई एकटीच माळावर उभी आहे, ऊन कललेलं, आणि खालून तिच्या पायांपर्यंत एक लांबलचक सावली आलेली. दोन्ही कोपरं बाहेर काढून, तोंडापाशी काहीतरी धरून उभ्या असलेल्या माणसाची.

"हे बघा! हे बाबा!" मी ओरडलो.

आईने तो फोटो बराच वेळ बघितला.

"पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला सावली आली," ती म्हणाली. "आणि तीसुद्धा चपलेवर."

मग तिने डोळे पुसले आणि निकाल दिला. "उद्या लोक यायच्या आत त्या भिंतीवर माझा आणि यांचा फोटो लागला पाहिजे. म्हातारपणीचा तर म्हातारपणीचा. नाहीतर मी खोलीतून बाहेर येणार नाही. वाढदिवस भाऊजींबरोबर करा!"

बाबा ताडकन उठले. इतकी चपळाई मी त्यांच्यात कित्येक वर्षांत बघितली नव्हती. त्यांनी आईची खुर्ची खिडकीपाशी घेतली, पडदा अर्धा सारला, मला मोबाइल काढायला लावला. मग दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि म्हणाले,

"धाकट्या, जरा हिच्या शेजारी उभा राहा बरं, अंतर बघतो..."

"नाही!!!" आम्ही पाचही जण ओरडलो.

मग मी मोबाइल धरला. बाबा आईशेजारी बसले. मी बटण दाबणार तोच बाबा उठले आणि माझ्यामागे येऊन पडद्यात डोकावले. "डोकं कापतोयस." परत जाऊन बसले. मी पुन्हा बोट उचललं, ते पुन्हा उठले. "खिडकी वाकडी येतेय." असं इतक्या वेळा झालं, की फोनमध्ये आई आणि रिकामी खुर्ची यांचेच फोटो जमले. एकात बाबांचा पाय आला होता, तेवढाच काय तो.

"बाबांना चौकट दिसल्याशिवाय ते बसणार नाहीत," बायको माझ्या कानात म्हणाली.

आणि तेव्हा मला कल्पना सुचली! माझी स्वतःची, कोणाचीही मदत न घेता! मी फोनचा पुढचा कॅमेरा चालू केला आणि फोन बाबांच्याच हातात दिला. "घ्या. बसल्या जागी सगळं दिसेल. बटणही तुम्हीच दाबा."

बाबांनी हात लांब केला. पडद्यात स्वतःला बघितलं, शेजारी आईला बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा ते फोटो काढतही होते आणि फोटोत होतेही.

"चष्मा..." ते सवयीने म्हणाले.

"काढणार नाही," आई म्हणाली.

"बरं, राहू दे. कॅमेऱ्याकडे बघ."

"बघणार नाही. मी तुमच्याकडे बघणार," आई म्हणाली आणि खरोखरच मान वळवून, बाबांचा दंड घट्ट धरून, चष्म्यातून त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी बटण दाबलं. त्यांचा हात थोडा हललाच.

फ्रेमवाल्याने मला तिसऱ्यांदा बघून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, पण मी वाकून आत शिरलो. रविवारी सकाळी फोटो घेऊन आलो. पाहुणे जिन्यात असतानाच तो भिंतीवर चढवला. दरवाजाएवढा! आई नटून हॉलमध्ये उभी, बाबा तिच्या शेजारी, काका-काकू बाजूला. सगळं गोड झालं होतं. माझी छाती फुगली होती.

काकूंनी वर बघितलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर पुन्हा आमचेच!"

फोटोतल्या बाबांच्या उजव्या गालावर तीळ होता.

माझ्या फोनला, म्हणे, पुढच्या कॅमेऱ्याचे फोटो आरशातल्यासारखे उलटे ठेवायची खोड आहे. ते मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. ते फोनच्या माहितीपत्रकात असणार, आणि ते फ्रिजच्या पायाखाली आहे. मी घाईघाईने म्हणालो, "आई, मी आत्ता जातो, सुलटा करून आणतो!"

"खबरदार त्याला हात लावशील तर!" आई म्हणाली. "तू सुलटं करायला गेलास की माझा नवरा जातो."

"पण तीळ..."

"असू दे तीळ कुठेही. या वेळी मी चष्मा घालून शेजारी बघितलंय. कोण होतं ते मला ठाऊक आहे," असं म्हणून तिने सगळ्यांसमोर बाबांचा दंड धरला. बाबा भिंतीकडे बघत पुटपुटले, "उजेड बरा आलाय."

तेव्हापासून तो फोटो तसाच आहे. पण येणारा प्रत्येक माणूस दारातच थबकतो आणि आईला हळूच विचारतो, "यजमान कुठे दिसत नाहीत?" काका तर रोज संध्याकाळी येऊन स्वतःचा म्हणून तो फोटो बघून जातात, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढतो. शेवटी मीच एक नामी तोडगा काढला. समोरच्या भिंतीवर मी तेवढाच मोठा आरसा ठोकला आहे. आता आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना आम्ही आधी फोटोकडे पाठ करून बसवतो, आणि मग आई-बाबांचा फोटो दाखवतो.

आरसा ठोकताना भिंतीतून थोडं पाणी आलं. पण तो पाइप आधीपासूनच बिघडलेला होता.